पॉवर प्ले कसा वाचायचा? एडमंटन ऑइलर्सच्या विक्रमी मोसमावरून विश्लेषणाची पद्धत

आइस हॉकीत समोरच्या संघाचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर बसला की आपल्याला काही काळ एक माणूस जास्त मिळतो, तोच पॉवर प्ले. २०२२-२३ च्या मोसमात कॅनडाच्या एडमंटन ऑइलर्सने २७५ पॉवर प्लेमध्ये ८९ गोल केले. म्हणजे ३२.४ टक्के. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगमध्ये याआधीचा विक्रम १९७७-७८ च्या मॉन्ट्रियल कनेडियन्सच्या नावावर होता, ३१.९ टक्क्यांचा. पुढच्याच मोसमात ऑइलर्सकडे जवळपास तीच माणसं होती, मांडणीही तीच होती, तरी आकडा २६ टक्क्यांच्या आसपास आला. असं झालं की चाहत्यांची चर्चा दोनच वळणं घेते: प्रशिक्षक चुकला, नाहीतर अमुक खेळाडू उतरणीला लागला. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, पण टक्केवारीकडे बघून त्या ठरवता येत नाहीत. टक्केवारी फक्त निकाल सांगते. कारण शोधायचं तर पॉवर प्लेचे चार तुकडे करावे लागतात: पक (खेळायची चकती) प्रतिस्पर्ध्याच्या झोनमध्ये नेणं, तिथे मांडणी बसवणं, चांगला शॉट तयार करणं आणि शॉट हुकल्यावर पक परत मिळवणं. प्रत्येक तुकड्याची वेगळी नोंद ठेवली, तर घरी बसून, एका स्प्रेडशीटच्या जोरावर, कोणत्याही संघाचा पॉवर प्ले नेमका कुठे अडतोय हे सांगता येतं.

आधी हिशेब नीट समजून घ्या

किरकोळ शिक्षा म्हणजे मायनर पेनल्टी दोन मिनिटांची. शिक्षा झालेल्या संघाचे चौघं आणि गोलरक्षक, समोर पाच जण. गोल झाला की ती शिक्षा तिथेच संपते. हा नियम १९५६-५७ पासूनचा. त्याआधी गोल झाला तरी पूर्ण दोन मिनिटं भोगावी लागत. नोव्हेंबर १९५५ मध्ये जाँ बेलिव्होने बोस्टनविरुद्ध एकाच पॉवर प्लेमध्ये ४४ सेकंदांत तीन गोल ठोकले होते, आणि मॉन्ट्रियलच्या त्या दराऱ्यामुळेच नियम बदलला. मेजर पेनल्टी मात्र आजही पूर्ण पाच मिनिटं चालते, गोल कितीही झाले तरी.

टक्केवारीची गोची इथूनच सुरू होते. ती ‘संधी’ मोजते, वेळ मोजत नाही. दोन्ही संघांच्या शिक्षा एकमेकींवर चढल्या आणि शेवटी एका संघाला फक्त दहा सेकंदांचा पॉवर प्ले मिळाला, तरी हिशेबात ती एक पूर्ण संधी धरली जाते. शिक्षा संपल्यावर दोन सेकंदांनी गोल झाला, तर खेळ पॉवर प्लेचाच असतो पण गोल सम-संख्येच्या खात्यात जातो. पंचाने शिक्षेसाठी हात वर केला आहे, गोलरक्षकाच्या जागी सहावा खेळाडू आला आहे आणि शिट्टी वाजण्याआधीच गोल झाला, तर ती मायनर रद्द होते आणि तो गोलही पॉवर प्लेचा धरत नाहीत. पाच विरुद्ध तीनचे गोल मात्र याच टक्केवारीत मिसळलेले असतात.

म्हणून पहिलं काम: फक्त पाच विरुद्ध चारचा वेळ आणि त्यातले गोल वेगळे काढा. ‘नॅचरल स्टॅट ट्रिक’ या संकेतस्थळावर ही गाळणी तयार मिळते. मग दर ६० मिनिटांमागे किती गोल झाले ते काढा: गोल गुणिले ६०, भागिले मिनिटं. समजा एका संघाने ५० संधींत १२ गोल केले आणि त्याला ८५ मिनिटं मिळाली, दर ८.५ येतो. दुसऱ्यानेही ५० संधींत १२ केले, पण मिनिटं ७०, दर १०.३. टक्केवारी दोघांची २४, प्रत्यक्षात दुसरा बराच पुढे.

जोडीला शॉर्ट-हँडेड गोल वजा करून बघा, म्हणजे आपण पाच जण असताना चौघांनी आपल्यावर केलेले गोल. १२ केले आणि ३ खाल्ले, तर २४ टक्क्यांचा पॉवर प्ले खरं तर १८ टक्क्यांचा. पाचही फॉरवर्ड खेळवणाऱ्या किंवा ब्लू लाइनवर, म्हणजे समोरच्या झोनच्या सीमारेषेवर, धोका पत्करणाऱ्या संघांची तुलना या वजाबाकीशिवाय करूच नये.

नशिबाचा वाटा किती, ते आधीच काढून ठेवा

हे गणित सोपं आहे आणि निम्मे वाद तिथेच मिटतात. संधींची संख्या, गोलची शक्यता आणि गोल न होण्याची शक्यता यांचा गुणाकार करा आणि त्याचं वर्गमूळ काढा. खरी कुवत २० टक्क्यांची असलेल्या संघाला ५० संधी मिळाल्या, तर ५० × ०.२ × ०.८ = ८, वर्गमूळ २.८, हाच योगायोगाचा पसारा. अपेक्षा १० गोलांची, आणि केवळ योगायोगाने ते ७ ते १३ च्या दरम्यान कुठेही पडू शकतात. म्हणजे तोच संघ, तसाच खेळून, १४ टक्केही दिसेल आणि २६ टक्केही. सामन्याला साधारण तीन संधी धरल्या तर ५० संधी म्हणजे सोळा-सतरा सामने. नोव्हेंबरच्या मध्यावर ‘आपला पॉवर प्ले संपला’ असं म्हणणाऱ्याच्या हातात इतकाच पुरावा असतो.

पूर्ण मोसमात, २४५ संधी धरल्या, तर हा पसारा सहा गोलांचा होतो. तरीही १७.५ ते २२.५ टक्क्यांमधला फरक एकट्या योगायोगाने पडू शकतो. ऑइलर्सची खरी कुवत २८ टक्क्यांची धरली तर २७५ संधींत ७७ गोल अपेक्षित, पसारा साडेसात. त्यांनी ८९ केले. म्हणजे संघ अफाट होताच, वर त्या वर्षी फासेही त्यांच्या बाजूने पडले. पुढच्या वर्षीच्या २६ मध्ये घसरण शोधायला निघण्याआधी हे गणित करायलाच हवं.

नोंदवही: एक प्रयत्न, एक ओळ

संपूर्ण पॉवर प्लेची एक ओळ करू नका. चौघांनी पक दूर फेकला आणि आपण पुन्हा वर निघालो, की नवी ओळ. दोन मिनिटांत साधारण दोन ते चार ओळी होतात, सामन्यात दहाच्या आसपास. दहा सामन्यांत शंभर ओळी जमल्या की बोलण्यासारखं काही हाती येतं.

रकाने इतके पुरतात: सामना, पीरियड (सामन्याच्या तीन भागांपैकी कोणता), शिक्षेचा उरलेला वेळ, सुरुवात फेसऑफने (पंचाने दोघांमध्ये पक टाकून) की स्वतःच्या झोनमधून, पक कोणी आणला, कसा आणला, मांडणी बसली का, शॉट कोणी आणि कुठून, शॉटच्या आधीचा पास कसा, शॉटनंतर पक कोणाला, प्रयत्नाचा शेवट कसा झाला. ‘मांडणी बसली’ याची व्याख्या सुरुवातीलाच लिहून ठेवा. पाचही जण ब्लू लाइनच्या आत, पक आपल्याकडे आणि त्या स्थितीतून किमान दोन पास, ही व्याख्या कामाला येते. मध्येच बदलली तर आधीच्या सगळ्या ओळी बाद.

दोनदा बघायचं. पहिल्यांदा नेहमीच्या गतीने, फक्त प्रवेश आणि मांडणीसाठी. दुसऱ्यांदा प्रत्येक शॉटच्या क्षणी थांबवून: बचाव करणारे चौघं कुठे आहेत, गोलरक्षकाला पक दिसतोय का. थेट प्रक्षेपण बघताना ही नोंद होत नाही. भारतातून बघणाऱ्यांना तर एडमंटनमधला हिवाळ्यातला संध्याकाळी सातचा सामना दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला लागतो, ऐन धावपळीत. त्यामुळे रेकॉर्डिंगच बरं. पण पूर्ण सामन्याचं. गोलांच्या क्लिपा बघून विश्लेषण करणं ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे, कारण क्लिपमध्ये फक्त जमलेले प्रयत्न असतात. जो ड्रॉप पास सहा वेळा फसून सातव्यांदा गोल देतो, तो क्लिपमध्ये अचूक अस्त्र वाटतो.

प्रवेश: दोन मिनिटं इथेच जळतात

शिक्षा झाली की पहिला फेसऑफ शिक्षा झालेल्या संघाच्या झोनमध्ये होतो, आणि २०१९-२० पासून कोणत्या बाजूच्या ठिपक्यावर तो घ्यायचा हे आक्रमक संघ ठरवतो. फेसऑफ हरला, पक लांब गेला, तर तो आणून पुन्हा आत शिरायला साधारण १५ ते २० सेकंद जातात. पक थेट पलीकडच्या टोकाला टोलवला की एरवी आइसिंग म्हणून खेळ थांबतो, पण चौघांच्या संघाला हा नियम लागू नसतो, त्यामुळे ते बिनधास्त पक टोलवतात. असे तीन प्रयत्न फसले की निम्मा पॉवर प्ले गेला, एकही शॉट न मारता.

आज बहुतेक संघ ड्रॉप पासवर प्रवेश करतात. एक खेळाडू मधून वेगाने वर येतो, बचावातल्या चौघांना त्यांच्या ब्लू लाइनकडे ढकलतो आणि ऐन वेळी पक मागे सोडतो. मागून दुसरा पूर्ण वेगात तो उचलतो. आता बचाव करणारे जवळपास उभे आहेत आणि पक असलेला माणूस पूर्ण वेगात आहे. सगळा फायदा इतकाच, पण ऑइलर्सच्या कॉनर मॅक्डेव्हिडसारखा स्केटर असेल तर तो पुरेसा असतो.

फसतं ते तीन ठिकाणी. मागचा खेळाडू फार जवळ असतो, पक हातात येतो तेव्हा त्याला वेगच घेता आलेला नसतो. किंवा समोरचा एक फॉरवर्ड ड्रॉपची वाटच बघत थांबतो आणि पक मागे जाताच झेपावतो. शॉर्ट-हँडेड गोल बऱ्याचदा इथून सुरू होतात. तिसरं कारण कॅमेऱ्यात कमी दिसतं: बाजूचे दोघं ब्लू लाइनवर खांबासारखे उभे. त्यांच्याकडे वेग नाही, मग पक आणणाऱ्याला ना पास देता येतो ना मधून जाता येतं. दोष पक गमावणाऱ्याच्या नावावर लागतो, चूक उभे राहिलेल्यांची असते. ‘कसा आणला’ या रकान्यात म्हणूनच ताब्यात ठेवून, पासने, आत टाकून आणि फसला, असे चार पर्याय ठेवा, आणि फसला तर शेजारी कारण एका शब्दात.

यातून दोन टक्केवाऱ्या काढायच्या: किती प्रयत्नांत पक ताब्यात ठेवून प्रवेश झाला, आणि झालेल्या प्रवेशांपैकी किती वेळा मांडणी बसली. पहिला आकडा कमी असेल तर दुखणं ब्लू लाइनवर आहे. पहिला बरा आणि दुसरा कमी असेल तर प्रवेशानंतरचा पहिला पास बघा. पक बहुधा भिंतीशी अडकत असतो आणि मदतीला कोणी वेळेत पोचत नसतो.

मांडणी: डावरा कुठे, उजवा कुठे

सध्याची सर्वमान्य रचना १-३-१. वर ब्लू लाइनपाशी मधोमध एक, पॉइंटवर. मधल्या रांगेत तिघं: फेसऑफच्या दोन्ही वर्तुळांच्या आसपास एकेक, आणि गोलसमोरच्या मोकळ्या जागेत बम्पर. पाचवा थेट गोलरक्षकापुढे, तो नेट-फ्रंट. या रचनेत पक असलेल्याला जवळपास नेहमी तीन पासचे पर्याय मिळतात आणि चौघांना पाच जागा झाकाव्या लागतात.

खेळाडू स्टिक कोणत्या बाजूला धरतो यावर सगळी रचना तोलते. डाव्या बाजूने शॉट मारणारा उजव्या वर्तुळात उभा असेल तर त्याची छाती मैदानाच्या मधल्या भागाकडे उघडी असते; समोरून आलेला पास न थांबवता तो थेट मारू शकतो, म्हणजे वन-टायमर. ऑइलर्सचा लिऑन ड्रायसायटल डावरा, म्हणून उजवीकडे. वॉशिंग्टन कॅपिटल्सचा अलेक्झांडर ओव्हेच्किन उजवा, म्हणून वर्षानुवर्षं डाव्या वर्तुळात. ६ एप्रिल २०२५ रोजी वेन ग्रेट्स्कीचा ८९४ गोलांचा विक्रम मोडणारा त्याचा ८९५ वा गोलही पॉवर प्लेमधला होता, त्याच डाव्या बाजूने.

सगळ्यांना ठाऊक असूनही तो का अडवता येत नाही? ओव्हेच्किनवर एक माणूस चिकटवला की उरलेले तिघं विरुद्ध चौघं. बम्पर आणि नेट-फ्रंट दोघांना गुंतवून ठेवतात आणि मग पॉइंटवाला मोकळा. त्यामुळे संघाचा मुख्य नेमबाज शांत असेल, तेव्हा आधी बघा की चौघं त्याच्याकडे किती झुकलेत, आणि झुकले असतील तर मोकळ्या झालेल्या जागेचा फायदा कोणी घेतोय का. घेत नसेल तर प्रश्न नेमबाजाचा नाही.

ऑइलर्सची २०२२-२३ ची पहिली फळी याचं उत्तम उदाहरण. मॅक्डेव्हिड, ड्रायसायटल आणि रायन न्यूजंट-हॉपकिन्स तिघंही डावरे. गोलसमोर झॅक हायमन, उजवा. पॉइंटवर आधी टायसन बॅरी, तोही उजवा. तीन डावरे म्हणजे एरवी अडचण, कारण डाव्या बाजूला वन-टायमर उरत नाही. त्यांनी ती फिरतं राहून सोडवली: मॅक्डेव्हिड एका जागी थांबतच नव्हता, भिंतीपासून मधोमध, तिथून पुन्हा वर, आणि चौघांना प्रत्येक वेळी ठरवावं लागत होतं की त्याच्यामागे कोणी जायचं. ड्रायसायटल तर वर्तुळाच्याही खाली, गोल लाइनजवळ सरकायचा. तिथून कोन इतका अरुंद की इतर कोणी तो शॉट मारू नये असंच प्रशिक्षक सांगतील. त्या मोसमात त्याचे पॉवर प्लेमधले गोल ३२.

बचावाची रचनाही नोंदवा, एका अक्षरात पुरे. चौकोन असेल तर बम्परला मध्ये जागा मिळते. हिऱ्याच्या आकारात, म्हणजे वर एक, खाली एक आणि बाजूंना दोघं उभे असतील, तर बाहेरचे वन-टायमर अवघड होतात पण गोलसमोर दोन विरुद्ध एक सापडतं. तिघांचा त्रिकोण आत आणि एक जण सतत पकच्या मागे, ही रचना आता बरीच दिसते. तिला वेगवान पासच तोडतात. एखाद्या संघाचा पॉवर प्ले ठरावीक रचनेपुढेच अडत असेल, तर शंभर ओळींत ते स्पष्ट उमटतं.

शॉट: जागेपेक्षा आधीचा पास

मोजमापं डोक्यात असू द्या. ब्लू लाइनपासून गोल लाइन ६४ फूट. वर्तुळाचा मधला ठिपका गोल लाइनपासून २० फूट आणि मधल्या रेषेपासून २२ फूट बाजूला, म्हणजे गोलच्या मध्यापासून ३० फुटांच्या आत-बाहेर. गोल सहा फूट रुंद, चार फूट उंच. गोलरक्षक स्थिर आणि पक दिसत असताना ३० फुटांवरून गोल होणं कठीण. तोच शॉट, तीच जागा, पण पक आधी मैदानाच्या एका अर्ध्यातून दुसऱ्या अर्ध्यात आला असेल, तर गोलरक्षकाला आडवं सरकावं लागतं आणि हालचालीत त्याच्या अंगाखालून, बगलेतून फटी उघडतात.

चाहते वापरतात त्या ‘अपेक्षित गोल’ आकड्यांची मर्यादा इथे कळते. हे आकडे एनएचएलच्या खुल्या नोंदींवरून काढतात. त्यात शॉटची जागा, अंतर, कोन, प्रकार आणि आधीची नोंदलेली घटना असते, पण पास नसतात. म्हणून ड्रायसायटलचा गोल लाइनजवळचा शॉट या हिशेबात फालतू ठरतो, कारण कोन अरुंद. प्रत्यक्षात तो मॅक्डेव्हिडच्या आडव्या पासवरचा असतो आणि गोलरक्षक अजून पलीकडच्या खांबावर असतो. एखादा संघ वर्षानुवर्षं अपेक्षेपेक्षा जास्त गोल करत असेल तर त्याला नशीब म्हणण्याआधी त्याचे आडवे पास मोजा.

‘आधीचा पास’ या रकान्यात पाच नोंदी पुरतात: मधली रेषा ओलांडणारा आडवा पास, गोलमागून पुढे आलेला पास, वरून खाली किंवा खालून वर त्याच बाजूचा, रिबाउंड (गोलरक्षकाला लागून परत आलेला पक), आणि पासच नाही. पहिल्या दोन प्रकारांचे शॉट दर दहा मिनिटांमागे किती, हा आकडा एकूण शॉटच्या आकड्यापेक्षा कितीतरी बोलका असतो.

एकूण शॉट फसवतात, विशेषतः पॉइंटवरचे. प्रेक्षक ‘शूट, शूट’ ओरडतात आणि पॉइंटवाला मारतो. तो समोरच्या फॉरवर्डच्या पायाला लागतो आणि पक बाहेर. म्हणून अडवलेले शॉटही लिहा आणि त्यानंतर पक कोणाला मिळाला तेही. पॉइंटवरच्या शॉटला किंमत तेव्हाच, जेव्हा गोलरक्षकासमोर कोणी उभं आहे किंवा रिबाउंडला आपले दोघं जवळ आहेत.

पक परत मिळवण्याचा चौथा तुकडा बहुतेक लोक मोजतच नाहीत, आणि चांगल्या-वाईट संघांतला फरक बरेचदा तिथेच असतो. शॉट हुकला, पक कोपऱ्यात गेला. पाच विरुद्ध चार असल्यामुळे तिथे आपला माणूस जास्त असायला हवा. हुकलेल्या दहा शॉटपैकी सहा-सात वेळा पक आपल्याकडे राहिला तर चौघं एकाच शिफ्टमध्ये (मैदानावरच्या एका फेरीत) दमतात, बदली खेळाडू आणता येत नाहीत, आणि मग आडवे पास आपोआप मोकळे होतात.

खेळाडू: जागेच्या कामावरून तोला

मैदानी हॉकीत पेनल्टी कॉर्नरवर हरमनप्रीत सिंगचा ड्रॅगफ्लिक जाळ्यात गेला की नाव त्याचं होतं, पण पक्का पुश आणि चेंडू थांबवणारा नसेल तर फ्लिकच होत नाही. पॉवर प्लेचं तसंच आहे, म्हणून गुणांच्या यादीवरून पाच जणांना एकाच मापाने मोजू नका.

आधी सहभाग काढा. गोल किंवा असिस्ट (गोलआधी दिलेला पास) म्हणजे एक गुण. २०२२-२३ मध्ये मॅक्डेव्हिडचे पॉवर प्लेमधले गुण ७१. संघाचे गोल ८९, म्हणजे तो बाकावर असतानाचे गोल धरूनही पाचांपैकी चार गोलांत त्याचा गोल किंवा असिस्ट. ड्रायसायटल ६२, सुमारे ७० टक्के. न्यूजंट-हॉपकिन्स ५३, सुमारे ६० टक्के. पूर्ण मोसमातले मॅक्डेव्हिडचे गुण १५३, त्यांतले ४६ टक्के पॉवर प्लेमधून. अचूक हिशेबासाठी खेळाडू मैदानावर असतानाचेच गोल भाजकात घ्या. मग असिस्ट पहिला (गोलाच्या लगेच आधीचा पास) की दुसरा (त्याच्याही आधीचा) ते वेगळं करा. दुसरा असिस्ट बऱ्याचदा भिंतीपाशी केलेला साधा पास असतो आणि वर्षागणिक फार हलतो. गोल आणि पहिला असिस्ट जास्त टिकाऊ.

पुढे जागेनुसार. पक आणणाऱ्याला ताब्यातल्या प्रवेशांवरून तोला. भिंतीजवळच्या सूत्रधाराला, त्याने दिलेल्या आडव्या पासांवरून आणि दबावाखाली गमावलेल्या पकांवरून. नेमबाजाला गोलांवरून नव्हे, तर जाळ्याकडे गेलेल्या वन-टायमरवरून. गोलांची टक्केवारी वीस-तीस सामन्यांत हवी तशी नाचते. बम्परची खरी परीक्षा तो किती बचावपटूंना आत ओढून ठेवतो यात असते, पकला स्पर्श कमी झाला म्हणून तो निकामी ठरत नाही. नेट-फ्रंटसाठी तीन गोष्टी: शॉटच्या क्षणी गोलरक्षकाच्या नजरेत तो आहे का, रिबाउंडवर त्याची स्टिक आधी पोचते का, आणि कोपऱ्यातले पक तो किती जिंकतो. हायमनचं मोल गुणांच्या यादीत पूर्ण दिसत नाही, या तीन रकान्यांत दिसतं.

पॉइंटवाल्याबद्दल ऑइलर्सनीच एक नैसर्गिक प्रयोग करून दिला. २८ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांनी बॅरीला नॅशव्हिलला देऊन मॅटियस एकहोमला घेतलं आणि पहिल्या फळीत पॉइंटवर एव्हन बुशार्ड आला. बॅरी ब्लू लाइनवर सरकत पास फिरवणारा, बुशार्डचा शॉट कितीतरी जड. पॉवर प्लेची धार कमी झाली नाही, आणि बुशार्डने त्या मोसमाच्या प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत) १२ सामन्यांत १७ गुण मिळवले. यातून ‘बॅरीची गरजच नव्हती’ किंवा ‘बुशार्ड मॅक्डेव्हिडइतका मोठा’ असं काहीच सिद्ध होत नाही. त्या चौघांबरोबर त्या जागेवर उभा राहणारा कोणताही चांगला पास देणारा बचावपटू भरपूर गुण कमावणार, इतकं नक्की कळतं. पॉइंटवाल्याला मोठा करार द्यावा का हा वाद पेटला की हे उदाहरण पुढे ठेवावं.

दुसऱ्या फळीच्या खेळाडूंवर सर्वाधिक अन्याय होतो. ते येतात तेव्हा शेवटची चाळीस-पन्नास सेकंद उरलेली असतात, आणि बरेचदा सुरुवात स्वतःच्या झोनमधून. त्यांचा दर ६० मिनिटांचा आकडा पहिल्या फळीच्या शेजारी ठेवू नका. इतर संघांच्या दुसऱ्या फळ्यांशीच लावा.

जे आकड्यांना वाकवतं

दुसऱ्या पीरियडमध्ये संघ बाजू बदलतात, त्यामुळे बचाव करणाऱ्यांचा बाक त्यांच्या झोनपासून लांब पडतो. दमलेले चौघं अडकतात आणि गोल होतात. पीरियडचा रकाना त्यासाठीच. उलट शिक्षा पीरियडच्या शेवटी सुरू झाली तर उरलेला पॉवर प्ले पुढच्या पीरियडमध्ये मध्यभागीच्या फेसऑफने सुरू होतो, झोनमधल्या सुरुवातीचा फायदा जातो.

शॉटची जागा प्रत्येक मैदानावरचे नोंदकर्ते लिहितात आणि त्यांच्या सवयी वेगळ्या असतात; काही ठिकाणी शॉट सरसकट गोलजवळ नोंदले जातात. घरच्या सामन्यांवरून काढलेला निष्कर्ष बाहेरच्या सामन्यांत टिकतो का ते बघा. गोलरक्षकही लक्षात घ्या: सलग पाच सामन्यांत फॉर्मातले गोलरक्षक भेटले तर चारही तुकडे व्यवस्थित असून टक्केवारी कोसळते.

आणि पॉवर प्लेला पूर्ण संघाचं प्रगतिपुस्तक समजू नका. २०२३ च्या प्लेऑफमध्ये ऑइलर्सने ३९ संधींत १८ गोल केले, ४६.२ टक्के, आणि तरी दुसऱ्या फेरीत व्हेगास गोल्डन नाइट्सकडून सहा सामन्यांत हरले. साठ मिनिटांत पाच विरुद्ध चार पाच-सहा मिनिटंच असतं. उरलेल्या खेळाची नोंदवही वेगळी.

निदान मांडताना

चार तुकड्यांचे आकडे मागच्या तीस सामन्यांशी लावून बघा. प्रवेश घटलेत, बाकी तसंच: पक आणणारा बदलला का, की समोरचे ब्लू लाइनवर चौघं उभे करू लागले? मांडणी बसते पण आडवे पास आटलेत: फिरणं थांबलंय, किंवा समोरच्यांना ठरलेली चाल पाठ झाली आहे. आडवे पासही आहेत, पकही परत मिळतोय, तरी गोल नाहीत: इथे थांबा, काहीही बदलू नका अशीच शिफारस करा, कारण हे चक्र बहुधा आपोआप फिरतं. पक परत मिळण्याचं प्रमाण घसरलं असेल तर नेट-फ्रंटची जागा आणि त्याच्या जवळच्या खेळाडूचा थकवा तपासा.

लिहिताना किती सामने, किती ओळी आणि मांडणीची तुमची व्याख्या काय, हे मजकुराच्या सुरुवातीला द्या, म्हणजे दुसऱ्याला त्याच पद्धतीने पडताळता येईल. खेळाडूंची अदलाबदल झाली, पॉवर प्लेचा प्रशिक्षक बदलला किंवा पहिल्या फळीतला एक जण महिनाभर जायबंदी झाला, तर त्या तारखेला जाड रेघ मारा आणि पुढच्या ओळी वेगळ्या मोजा. रेघेच्या दोन्ही बाजूंना किमान चाळीस-चाळीस प्रयत्न होईपर्यंत तुलना करू नका.